केबिनवरचे फोकस आणि आतून तापणारी वायर

जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली. तेव्हापासून निपाणी ते खानापूर पट्ट्यातल्या गाडीवाल्यांच्या बोलण्यात एक प्रश्न सारखा येतो: केबिनवरचे फोकस, म्हणजे कपाळावर लावलेले जादा झोताचे दिवे, ठेवायचे की काढायचे? कुणी म्हणतं हॅलोजन चालत नाही, एलईडी चालतो. कुणी म्हणतं महाराष्ट्रात चालतं, कर्नाटकात नाही. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र राहून जाते. त्या फोकसना वीज कुठून आणि कशी आणली आहे, हे कुणी विचारत नाही. दंडापेक्षा मोठा धोका तिथं आहे.

मला तो तवंदी घाटात कळला. वडिलांची बारा व्होल्टची छोटी मालगाडी होती. मी शाळकरी वयाचा, सुट्टीत त्यांच्याबरोबर संकेश्वरहून निपाणीकडे निघालो होतो. घाटात केबिनमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला आणि डॅशबोर्डच्या फटीतून धूर यायला लागला. वडिलांनी फोकसचा स्विच बंद केला, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. शेवटी पान्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडवलं तेव्हा तो थांबला. दुसऱ्या दिवशी उकलून पाहिलं तर नुकत्याच बसवलेल्या चार फोकसची वायर पत्र्याच्या भोकावर घासून सोलली होती. फ्यूज लावलेला होता आणि तो शाबूत होता. स्विच बंद, फ्यूज शाबूत आणि तरी वायर जळतेय, हे कसं काय? पुढं विजेचं शिक्षण घेतलं तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. ते इतकं साधं आहे की प्रत्येक ड्रायव्हरला आणि मालकाला ते माहीत असायलाच हवं.

विहिरीवरची पाइपलाइन

ज्याच्या शेताला विहिरीवरून पाइपलाइन आहे, त्याला वीज निम्मी कळलेलीच असते. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट. पाइपातून किती पाणी वाहतं ते म्हणजे अँपिअर, आपल्याकडे ज्याला सरळ करंट म्हणतात. आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, दिवा जे खातो ते.

छोट्या पिकअपला बारा व्होल्टची एक बॅटरी असते. मोठ्या ट्रकला बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. बाराच्या गाडीत ५५ वॅटचे चार हॅलोजन लावले तर एकूण २२० वॅट झाले. बारानं भागा, सुमारे १८ अँपिअर. चोवीसच्या ट्रकला ७० वॅटचे चार लावले तर २८० वॅट, आणि चोवीसनं भागल्यावर जेमतेम १२ अँपिअर. म्हणजे मोठ्या ट्रकमध्ये दिवे जास्त ताकदीचे असूनही वायरीतून करंट कमी वाहतो. दाब दुप्पट केला की तेच काम निम्म्या प्रवाहात होतं. मोठ्या गाड्यांना चोवीस व्होल्ट देण्यामागं हे एक मोठं कारण आहे.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, १८ आणि १२. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच आहे.

पाणी कुठं मुरतं?

अर्ध्या इंची पाइपातून तीन इंची पाणी नेऊ म्हटलं तर शेताच्या टोकाला धार पडत नाही, थेंब पडतात. तांब्याच्या वायरचंही तसंच. वायर जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा अडथळा जास्त. त्या अडथळ्यात जो दाब खर्च होतो तो दिव्यापर्यंत पोचत नाही, वायरीतच उष्णता होऊन बसतो.

वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. दुकानात ‘एकची’, ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ म्हणतात ती हीच. बॅटरीपासून केबिनच्या कपाळावर जायला वळणं धरून सहज पाच मीटर वायर लागते. एवढ्या अंतरात एकची वायर टाकून बाराच्या गाडीचे चार फोकस पेटवले, तर जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच जातो. दीड व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगानं पडतो. बारातला दीड गेला की उजेडाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. मालकानं चार दिव्यांचे पैसे मोजले आणि उजेड अडीच दिव्यांचा पडला. तिथंच चारची वायर टाकली असती तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्याही आत राहिलं असतं.

मुरणारं पाणी पाच मीटरभर पसरून मुरलं तर वायर नुसती कोमट होते. खरी भीती एका जागी मुरण्याची. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट घ्या. पावसाळ्यात त्यात ओल जाते, तांबं हिरवं पडतं, गाडीच्या हादऱ्यानं पीळ सैल होतो. अडथळा ओममध्ये मोजतात. अशा जॉइंटचा अडथळा एका ओमच्या दहाव्या हिश्श्याइतका जरी झाला, तरी १८ अँपिअरला त्या टिचभर जागेत तीसेक वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं साधं सोल्डरिंगचं यंत्र पंचवीस वॅटचं असतं, आणि ते शिसं वितळवतं. तसलं एक यंत्र डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जुडग्यात रात्रभर ठेवल्यासारखं आहे हे.

म्हणून मिस्त्रीला दोन गोष्टी सांगा. चार हॅलोजनला बाराच्या गाडीत चारची वायर, चोवीसच्या गाडीत निदान अडीचची, आणि ती गाडीसाठीची अनेक बारीक तारांची हवी. एकाच जाड तारेची वायर हादऱ्यानं आतल्या आत तुटते. दुसरं, पिळलेला जॉइंट नको. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून बसवा आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

स्विचनं फक्त हुकूम द्यावा

विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर आपण घरातल्या पंख्याच्या बटणानं चालू करत नाही. स्टार्टर लावतो. हिरवं बटण दाबलं की आत ‘खट्’ असा आवाज होतो. बटणातून गेलेला एवढासा करंट आतल्या चुंबकाला जागा करतो, चुंबक जाड संपर्क ओढून घेतो आणि मोटरचा सगळा भार त्या जाड संपर्कातून जातो. बोटाखालच्या बटणावर काहीच ताण येत नाही.

गाडीतला रिले म्हणजे हाच स्टार्टर, काड्यापेटीहून लहान. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी जाड वायर. ८६ ला स्विचकडून येणारी बारीक वायर, ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडं परत जाणारी वाट. चोवीसच्या रिलेचा चुंबक अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा खात नाही. म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्विचला बारा अँपिअर वाहायला लावण्याऐवजी आपण त्याला जवळजवळ रिकामं करतो.

रिले नसला तर काय होतं? हॅलोजनची तार थंड असताना तिचा अडथळा खूप कमी असतो. स्विच टाकल्याच्या पहिल्या क्षणी ती नेहमीच्या दहापट करंट ओढू शकते. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो ओसरतो, पण तेवढ्यात स्विचच्या पितळी जिभेवर ठिणगी पडते. असं महिनोन् महिने होत राहिलं की जीभ काळी पडते, तापते आणि एखाद्या रात्री चिकटून बसते. मग स्विच बंद करूनही दिवे विझत नाहीत.

रिले घेताना गाडीचा व्होल्ट पाहून घ्या. बाराचा रिले चोवीसच्या गाडीला लावला तर चालतो, आणि म्हणूनच फसायला होतं. दाब दुप्पट झाला की त्याचा चुंबक चौपट तापतो आणि काही दिवसांत जळतो.

माझं मत विचाराल तर चारही दिवे एका रिलेवर घेऊ नयेत. दोन-दोन दिव्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज द्यावा. खर्च थोडा वाढतो, पण एका बाजूला बिघाड झाला तर दुसरी जोडी चालू राहते.

फ्यूज कुणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं फ्यूज दिव्याला वाचवतो. दिव्याला वाचवायची गरजच नसते, तो जळाला तर विझतो. फ्यूज वायरला वाचवतो, आणि वायरीमार्फत गाडीला व आत झोपलेल्या क्लीनरला.

रोटाव्हेटर चालवणाऱ्याला शिअर बोल्ट माहीत असतो. दगड अडकला की तो मऊ बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून कुणी तिथं कडक बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच फुटतो. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे तो कडक बोल्ट. फरक इतकाच की इथं आग लागते.

आता आमच्या गाडीचं कोडं. मिस्त्रीनं फ्यूज डॅशबोर्डखाली, स्विचजवळ बसवला होता, बदलायला सोपा जावा म्हणून. वायर सोलली ती बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्यात. सोललेलं तांबं पत्र्याला टेकलं, आणि बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजपर्यंत न जाता तिथूनच पत्र्यात शिरून बॅटरीकडे परतला. फ्यूजला कळलंच नाही. स्विचला तर नाहीच नाही. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि वायर हीटरच्या तारेसारखी लाल होते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या आधी जेवढी वायर, तेवढी निराधार. या लेखातलं एकच वाक्य मिस्त्रीकडे नेणार असाल तर हे न्या.

आकार किती? वायर जेवढं सोसते त्याहून फ्यूज लहान आणि दिवे जेवढं खातात त्याहून थोडा मोठा. चोवीसच्या गाडीत १२ अँपिअरला १५ चा निळा फ्यूज आणि अडीचची वायर. बाराच्या गाडीत १८ अँपिअरला २५ चा, रंगहीन पारदर्शक फ्यूज आणि चारची वायर. दिवे दोन रिलेंवर वाटले तर प्रत्येक फाट्याचा हिशेब निम्मा होतो आणि फ्यूजही त्या मापानं लहान घ्यायचा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो कुठंतरी वायर घासतेय असं सांगतोय. त्याला गप्प करू नका, घासणारी जागा शोधा.

केबिन रबरावर बसलेली असते

आपल्याकडे दिव्याची एक वायर प्लसला आणि दुसरी ‘बॉडीला टाकून’ मोकळं होतात. करंट पत्र्यातून परत बॅटरीकडे जातो हे खरं. पण ट्रकची केबिन चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी बुशांवर बसते आणि रबरातून वीज जात नाही. केबिन ते चेसिस एक जाड अर्थ-पट्टी असते, तीच काय ती वाट. ती गंजली किंवा सैल झाली की करंट दुसऱ्या वाटा धुंडाळतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी दुसऱ्याच दिव्याच्या वायरीतून. फोकस लावल्यावर इंडिकेटर वेड्यासारखे लुकलुकायला लागले तर आधी अर्थ पाहा. छतावरच्या फायबरच्या कॅपवर किंवा रंगावरच स्क्रू मारून अर्थ दिला असेल तर तो अर्थच नाही. सरळ प्लसइतकीच जाड काळी वायर खाली चेसिसवर, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर आणावी.

केबिन पुढं झुकणारी असेल तर चेसिसवरून केबिनमध्ये जाणाऱ्या वायरीला सैल वळसा ठेवा, नाहीतर पहिल्याच सर्व्हिसला केबिन उचलताना वायर ताणून तुटेल. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुश हवाच. आमच्या गाडीत तेवढाच नव्हता. छतावरच्या भोकात वायर शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्यावरून ठिबकेल, वायरीवरून आत उतरणार नाही.

“एलईडी हाय ओ मिस्त्री, त्याला कशाला रिले?”

हा प्रश्न रास्त आहे. एलईडी कमी वॅटमध्ये जास्त उजेड देतो. चोवीस व्होल्टवर १२० वॅटची एलईडी पट्टी पाचच अँपिअर घेते. वायर थोडी बारीक चालेल, स्विच चांगला असेल तर रिलेवाचूनही भागेल. पण फ्यूज? वायर पत्र्याला टेकली की बॅटरी टोकाला काय लावलंय ते विचारत नाही. शॉर्ट झालेल्या वायरीला हॅलोजन आणि एलईडी सारखेच.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत आणखी एक भानगड आहे. त्यांच्यात हेडलाईटची वायर संगणकाच्या नजरेखाली असते. तिच्यातून फाटा काढून फोकस पेटवला तर संगणकाला भार वेगळा दिसतो, चुकीचे इशारे येतात आणि वायरिंगची वॉरंटीही वादात सापडते. म्हणून वीज बॅटरीवरून स्वतंत्र आणायची.

चोवीसच्या गाडीत बाराचा दिवा

बाजारात बाराचे दिवे स्वस्त आणि मुबलक. म्हणून काही जण दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून बारा व्होल्ट काढतात. गाणी वाजवायच्या टेपसाठीही हेच करतात. दिवा लागतो, पण एकच बॅटरी उपसली जाते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, दोघींना एकत्र चार्ज करतो, त्यामुळं उपसलेली कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त पिते. एका जोखडात एक बैल अर्धपोटी ठेवावा तशी गत, आणि शेवटी दोन्ही निकामी होतात. बाराचे दोन दिवे एकामागे एक जोडणंही बरं नाही, एक गेला की दोन्ही विझतात. चोवीसचेच दिवे घ्या, किंवा चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा.

चोर्ल्याच्या धुक्यात

बेळगावची भाजी आणि दूध घेऊन पिकअप रात्रीच्या जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटात उतरतात. पावसाळ्यात तिथं धुकं असं दाटतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी छतावरचे फोकस लावावेसे वाटतात, आणि लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते.

धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. प्रत्येक थेंब उजेडाचा काही भाग मागं फेकतो. दिवा डोळ्यांच्या जवळ असला की मागं फेकलेला उजेड थेट डोळ्यात येतो, रस्त्यावरचा नाही. म्हणूनच धुक्याचे दिवे खाली, बंपरजवळ असतात, रुंद आणि रस्त्याला सरपटणारे. पिवळा रंग धुकं भेदतो ही समजूत खरी नाही. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीहून इतका मोठा असतो की पिवळा आणि पांढरा जवळपास सारखेच विखुरतात. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळा डोळ्यांना कमी टोचतो, एवढाच त्याचा फायदा. घाटात धुकं असेल तर छतावरचं सगळं विझवा, डिपर ठेवा, वेग कमी करा.

तीन राज्यं, नियम एकच

बेळगावहून निघालेली गाडी एका रात्रीत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र पाहते. दिव्यांचा मूळ नियम मात्र तिन्हीकडे एकच, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १११ वा नियम सांगतो की स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय बसवता येत नाही, आणि ती अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, म्हणजे ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. यात हॅलोजन आणि एलईडी असा भेद नाही.

दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे. केबिनच्या कपाळावरचा दिवा त्याच्या वरून येतो. साठच्या वेगानं येणारा माणूस तीन सेकंद आंधळा झाला तर तेवढ्यात ५० मीटर गेलेला असतो. हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात. दिपलेल्या डोळ्यांना त्या दिसतच नाहीत.

“मग समोरचा लावतो तेव्हा मी काय करायचं?” त्याला उत्तर म्हणून आपण लावला तर रस्त्यावर दोन आंधळे होतात. वेग कमी करा आणि रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे बघा.

फोकसचा खरा उपयोग फडात आहे. रात्री ऊस भरताना, खाणीत माल घेताना, गाडी मागं घेताना. परवानगी घेऊन तेवढ्यासाठी बसवले असतील तर स्विच हेडलाईटपासून पूर्ण वेगळा ठेवा आणि डांबरी रस्त्याला लागताना दिव्यांवर कव्हर चढवा.

“पण हेडलाईटच मंद हाय”

तक्रार खरी असते आणि फोकस लावण्यामागचं खरं कारण बहुधा हेच असतं. तर आधी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर आणा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, चोवीसच्या गाडीत २७-२८ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाईट पेटवून बल्बच्या होल्डरवर मोजा. तिथं २४-२५ च दिसत असतील तर तुमचा उजेड वायरीत मुरतोय. हेडलाईटलाच रिले, जाड वायर आणि चांगला अर्थ द्या. काच पिवळी पडली असेल तर बदला, झोत सपाट भिंतीवर पाडून सरळ करून घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांना एवढं केल्यावर फोकसची गरजच उरली नाही.

काम कुठलंही करून घेतलं तरी मिस्त्रीला पैसे देण्याआधी दिवे सलग अर्धा तास चालू ठेवायला सांगा. मग हातानं एकेक जागा चाचपा, फ्यूजचं घर, रिलेचा पाय, प्रत्येक थिंबल, अर्थचा नट, दिव्यामागचा होल्डर. कोमट असलं तर ठीक. जिथं बोट ठेववत नाही, तो जॉइंट तिथल्या तिथं उघडून परत करून घ्या.